आसवनीतले विरजण आणि आपला उन्हाळा



गटसभांना आम्ही जातो तेव्हा ऊसनोंद, तोडणीचा क्रम आणि बिल कधी निघणार हे तीन प्रश्न ठरलेलेच असतात. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे. "साहेब, मळीच्या टाक्या तर भरलेल्या दिसतात. मग आसवनी मे-जूनमध्ये दमानं का चालते? मशीन बिघडतं का माणसं कमी पडतात?" प्रश्न रास्त आहे. आसवनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली डिस्टिलरी, सभासदांच्या भागभांडवलावर उभी आहे आणि तिच्या उत्पन्नाचा उसाच्या दराशी संबंध आहे. तेव्हा आत काय चालते हे सभासदाला ठाऊक असलेच पाहिजे. उत्तर मशीनमध्ये नाही आणि माणसांतही नाही. ते आंबवण टाकीच्या तापमानात आहे.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे शेतात टाकायला कारखान्यातून ट्रॉलीने आणतात त्या काळ्या गाळालाही लोक मळीच म्हणतात. तो गाळ म्हणजे प्रेसमड. तो रस स्वच्छ करताना निघतो व खत म्हणून उत्तम असतो. या लेखात मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेला, काकवीपेक्षा दाट, काळपट पाक. ज्यातून साखर काढणे आता परवडत नाही अशा शेवटच्या मळीला सी हेवी मळी म्हणतात. साखर काढण्याची शेवटची पायरी सोडून देऊन आधीच बाजूला काढली तर ती बी हेवी मळी. ढोबळ मानाने एक टन उसामागे ४० ते ४५ किलो सी हेवी किंवा ६० ते ६५ किलो बी हेवी मळी निघते. एक टन सी हेवीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास, तर बी हेवीपासून तीनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळते.

आता आंबवणे म्हणजे काय ते बघू. घरात रात्री दुधाला विरजण लावतात. दूध उकळते असेल तर विरजण मरते, गार असेल तर दही लागत नाही, म्हणून कोमट दुधात लावतात. थंडीत विरजण थोडे जास्त घालतात आणि भांडे चुलीच्या उबेला ठेवतात, उन्हाळ्यात चमचाभर पुरते आणि तरीही दही आंबट होते. ज्या बाईला हे कळते तिला आसवनीचे निम्मे शास्त्र कळलेले असते. फरक इतकाच की दह्यात काम करतात ते जिवाणू, आणि मळीत काम करते ते यीस्ट. यीस्ट ही अतिसूक्ष्म बुरशी आहे. एक पेशी, डोळ्याला न दिसणारी, आणि तिला उसासारखाच डोळा फुटून नवी पेशी निघते. पाव फुगतो, तो हिच्यामुळेच. मळीत पाणी घालून पातळ केलेल्या द्रावणाला आसवनीत वॉश म्हणतात. त्यात यीस्ट सोडले की ते साखर खाते आणि तिचे दोन भाग करते, एक अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. हिशेब पक्का आहे. १०० किलो ग्लुकोज पूर्ण आंबले तर साधारण ५१ किलो अल्कोहोल आणि ४९ किलो वायू. ५१ किलो म्हणजे जवळपास ६५ लिटर. निसर्गाने घालून दिलेली ही मर्यादा आहे, तिच्या वर कोणी जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी थोडी साखर वापरते, थोडी न आंबता राहते, म्हणून शंभरपैकी ८८-९० टक्के हाती आले तर आसवनी चांगली चालली असे समजतात.

हे सगळे माणसाला फार उशिरा कळले. १८५६ साली फ्रान्समधल्या लील गावी बीटच्या साखरेपासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबूस होऊन नासू लागल्या. तो लुई पाश्चर यांच्याकडे गेला. पाश्चरनी चांगल्या टाकीतला आणि नासलेल्या टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या टाकीत गोल, कळ्या फुटलेल्या पेशी होत्या. नासलेल्या टाकीत काड्यांसारखे बारीक जीव होते. म्हणजे ज्या शोधावर आज दूध टिकवण्यापासून लसीपर्यंतचे शास्त्र उभे आहे, त्याच्या मुळाशी एका साखर-आसवनीची तक्रार होती. आपल्या प्रयोगशाळेत केमिस्ट आजही दर पाळीला हेच पाहतात: गोल किती आणि काड्या किती.

विरजण किती आणि कसले

बेणे मळ्याबद्दल आम्ही या अंकांतून वारंवार लिहीत असतो. मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित आणि मग सभासदाच्या शेतात लावण. खोडव्यातले, काणी पडलेले टिपरे बेण्याला वापरू नका असे आम्ही सांगतो. यीस्टचेही अगदी असेच आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. एक डोळा टिपरीपासून बेणे मळा करावा तसेच. त्याआधी बिअरवाले मागच्या टाकीतला गाळ पुढच्या टाकीत घालत आणि त्यात रानटी यीस्ट आणि जिवाणू सगळेच येई. हान्सन यांच्या शोधानंतर चव दर खेपेला सारखी येऊ लागली.

आज शुद्ध वाण जपण्याचे काम मोठ्या संस्था करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जिथे आपले सभासद ऊस पाहायला जातात, तिथे अल्कोहोलचा स्वतंत्र विभाग आहे. आसवनीत या शुद्ध वाणाची वाढ पायरीपायरीने करतात. परीक्षानळीतले १० मिली, त्याचे १०० मिली, मग एक लिटर, दहा लिटर, शंभर लिटर, अशी दर पायरीला साधारण दहापट. दर दोन तासांनी पेशी दुप्पट होतात असे धरले तरी चोवीस तासांत एकीच्या चार हजारांवर जातात. या वाढीच्या काळात टाकीत खालून हवा सोडतात, कारण हवा मिळाली की यीस्ट वाढीला लागते आणि हवा तुटली की अल्कोहोल करू लागते. तिला खतही लागते, आणि खत कोणते तर युरिया आणि डीएपी! मळीत साखर भरपूर असली तरी नत्र आणि स्फुरद यीस्टला पुरेल एवढे नसते. बेसल डोस दिल्याशिवाय उसाला फुटवे येत नाहीत, तसेच हे.

शेवटी मोठ्या आंबवण टाकीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे तयार विरजण त्यात सोडतात. ते का मोजून सोडायचे? कमी सोडले तर काय बिघडते? सरी विरळ लागली, नांग्या राहिल्या की मोकळ्या जागेत हराळी आणि लव्हाळा येतो. टाकीतही तेच होते. मळीबरोबर, पाण्याबरोबर, पाइपच्या कोपऱ्यातून जिवाणू आलेलेच असतात. यीस्ट पहिल्या आठ-दहा तासांत दाट झाले तर जिवाणूंना साखर उरत नाही. यीस्ट विरळ राहिले तर जिवाणू साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. म्हणून चालू टाकीत दर मिलिलिटरला १५-२० कोटी पेशी असाव्यात असा प्रयत्न असतो. वॉशमध्ये थोडे आम्ल घालून सामू साडेचार-पावणेपाचच्या आसपास ठेवतात तोही जिवाणूंना आवर म्हणून. यीस्टला आंबटपणा सोसतो, बऱ्याच जिवाणूंना तो सोसत नाही. आणि पेशी मोजताना नुसत्या मोजून चालत नाही, निळा रंग घालून जिवंत किती आणि मेलेल्या किती तेही पाहावे लागते. उगवणशक्ती गेलेले बेणे कितीही दाट लावले तरी उपयोग नाही.

ऊब कुठून येते

आता मुख्य मुद्दा. ओला कडबा गंजीत रचला आणि चार दिवसांनी हात आत घातला तर चटका बसतो. आंबण्याच्या कामात उष्णता निघते. यीस्ट साखर मोडते तेव्हाही निघते, एक किलो साखरेमागे शंभर-सव्वाशे किलोकॅलरी. एका लिटर वॉशमध्ये दीडशे ग्रॅम साखर धरली तर तेवढी आंबताना वॉश स्वतःच्याच उबेने पंधरा अंशांच्या आसपास तापू शकतो. म्हणजे ३२ अंशांना सुरू झालेली टाकी कोणी थंड केली नाही तर ४७ च्या दिशेने निघेल. ती तिथे पोचत नाही, कारण त्याआधीच यीस्ट मरते.

मळी आंबवणाऱ्या यीस्टला ३० ते ३३ अंश मानवतात. ३५ पर्यंत ते काम करते. ३६-३७ च्या पुढे दमते आणि चाळिशीला टेकले की बहुतेक वाणे हात टेकतात. इथे आणखी एक मेख आहे, ती लक्षात घेण्यासारखी आहे. अल्कोहोल हे यीस्टला स्वतःलाच विष असते. टाकीत अल्कोहोल ७-८ टक्क्यांवर गेले की यीस्टच्या पेशीची त्वचा सैल पडते. गारव्यात ती हे सोसते, उबेत सोसत नाही. म्हणून सुरुवातीला ३६ अंश चालून गेले असे वाटते आणि शेवटी शेवटी टाकी अडते. साखर शिल्लक आहे, पण खाणारे उरले नाही. त्याच वेळी ३७ ते ४५ अंशांत मजेत वाढणारे आंबट जिवाणू तिथे हजर असतात. तापमान पाच अंशांनी वाढले तर नुकसान असे दुहेरी होते.

बिअरवाल्यांचे दुखणे हेच, पण त्यांचा काटा बराच खाली असतो. आपण अल्कोहोल उकळून वेगळे काढतो, त्यामुळे आंबताना तयार होणारी जड, उग्र वासाची द्रव्ये आपल्याला ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात बाजूला काढता येतात. बिअर उकळून वेगळी काढत नाहीत, टाकीत जे झाले तेच बाटलीत जाते. ऊब वाढली की वास उग्र होतो. म्हणून एल नावाची बिअर १८ ते २२ अंशांत आणि लागर ८ ते १३ अंशांत आंबवतात. गारव्यात यीस्ट मंद काम करते, म्हणून लागरला विरजण जवळपास दुप्पट लागते. थंडीत दह्याला विरजण वाढवण्याचाच हा प्रकार. इंग्रजांनी हिंदुस्थानात बिअरचे कारखाने काढले ते कसौली, सोलन, मरी अशा डोंगरांत काढले, ते उगीच नाही. मैदानात यीस्ट तग धरत नव्हते. कसौलीचा कारखाना एडवर्ड डायरने १८५५ च्या सुमारास काढला. जालियनवाला बागेत १९१९ साली गोळ्या चालवणारा जनरल डायर तो त्याचाच मुलगा. पुढे १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी बिअर कारखान्यांसाठीच शीतयंत्र तयार केले, आणि मग बिअरला डोंगराची गरज उरली नाही. आज आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरला बिअर कारखाने चालतात ते या यंत्राच्या जोरावर.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या घरी बिअर करायला मुभा मिळाली, आणि तिकडे गेलेली आपली काही मुले तो छंद करतात असे ऐकतो. त्यांच्या वीस लिटरच्या भांड्यालाही विरजणाचे माप आणि तापमान याच दोन गोष्टी छळतात. पण लहान भांडे आपल्या अंगावाटे ऊब बाहेर टाकते, ओले फडके गुंडाळले तरी भागते. दोन लाख लिटरच्या टाकीला तसे करता येत नाही. तिच्यातल्या दर लिटरच्या वाट्याला बाहेरचा पत्रा लहान भांड्याच्या मानाने वीस पटीने कमी येतो. इथे हेही सांगितले पाहिजे की महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी काहीही आंबवून दारू करणे गुन्हा आहे, मग ती बिअर असो की हातभट्टी. आसवनीतली मळीसुद्धा राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली मोजून हलते.

माठ आणि शीत मनोरा

टाकी थंड कशी ठेवतात? टाकीतला वॉश पंपाने ओढून पोलादी पातळ पत्र्यांच्या संचातून फिरवतात. पत्र्याच्या एका अंगाला वॉश, दुसऱ्या अंगाला गार पाणी. ऊब पाण्यात उतरते, पाणी शीत मनोऱ्यावर जाते, वरून पाझरत खाली येते, थोडे वाफ होऊन उडते, उरलेले गार होते आणि परत फिरते. म्हणजे शीत मनोरा हा एक प्रचंड माठच आहे. आणि माठाचा गुण आपल्याला माहीत आहे. एप्रिलमध्ये बाहेर ४२ अंशांचा फुफाटा असतो तेव्हा माठातले पाणी सर्वांत गार लागते. जूनमध्ये आभाळ भरून आले, हवा ३३ अंशांवर आली की तोच माठ कोमट होतो, कारण दमट हवा पाणी पिऊन घेत नाही.

शास्त्रज्ञ यासाठी थर्मामीटरला ओले फडके बांधून तापमान घेतात. बीडच्या कोरड्या एप्रिल-दुपारी ४२ अंश हवेत ते ओले तापमान २२-२३ अंशांच्या आसपास भरते. जूनच्या दमट ३३ अंशांत ते २६-२७ वर जाते. चांगला शीत मनोरा ओल्या तापमानाच्या वर तीन-चार अंशांपर्यंतच पाणी गार करू शकतो. म्हणजे एप्रिलमध्ये आपल्याला २६ अंशांचे पाणी मिळू शकते आणि जूनमध्ये ३० चे. ३२ अंशांवर ठेवायच्या टाकीला ३० अंशांचे पाणी काय थंड करणार? बाहेर उकाडा कमी झाला आणि आसवनी अजून मंदच, हे पाहून सभासदांना कोडे पडते, त्याचे उत्तर हे आहे.

मग एप्रिल-मे सुखाचा जावा की नाही? जात नाही, कारण तेव्हा हवा चांगली असते आणि पाणी नसते. एक लिटर अल्कोहोल तयार होताना निघालेली ऊब घालवायला ढोबळ हिशेबाने पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत उडून जाते. शिवाय मळी पातळ करायला पाणी लागते ते वेगळे, आणि ते टाकीत उन्हात तापलेले असते. माजलगाव आणि मांजरा धरणांची पातळी मे महिन्यात कुठे जाते हे आम्ही सांगायला नको. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचे पाणी निम्म्याहून खाली आणले होते. पिण्याचे पाणी आधी, यात वाद नाही. मग बोअरचे पाणी वापरावे तर ते क्षाराचे. अंघोळीच्या बंबात खालचा थर कसा जमतो ते घरोघर पाहतो. तोच थर पातळ पत्र्यांवर जमला की पाणी गार असूनही ऊब उतरत नाही. हे पत्रे वेळच्या वेळी उघडून धुणे हे आसवनीतले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे आमचे मत आहे.

अशा वेळी आसवनीपुढे दोन वाटा असतात. टाकी पूर्ण वेगाने चालवून ३८ अंशांवर जाऊ द्यायची, किंवा मळी थोडी थोडी सोडून वेग निम्मा करायचा व तापमान धरून ठेवायचे. दुसरी वाट बरोबर आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती आळस वाटते.

पैशाचा हिशेब

समजा एका टन सी हेवी मळीत आंबण्याजोगी साखर ४०० किलो आहे. वर सांगितलेल्या मर्यादेने २५९ लिटर अल्कोहोल व्हायला हवे. ८८ टक्के साधले तर २२८ लिटर, ८० टक्क्यांवर घसरले तर २०७. फरक सुमारे वीस लिटरचा. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षासाठी केंद्र सरकारने सी हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर ठरवला होता. त्या दराने टनामागे सुमारे ११६० रुपये बुडाले. दिवसाला १०० टन मळी घेणाऱ्या आसवनीचे दिवसाला एक लाख सोळा हजार. उसाकडून मोजले तर एका टन उसामागे ४० किलो मळी, म्हणजे ४६ रुपयांच्या आसपास. हे पैसे कोणी खाल्ले नाहीत, ते जिवाणूंनी खाल्ले. पण सभासदाच्या दृष्टीने जायचे ते गेलेच.

बी हेवीचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला म्हणून थोडक्यात. तिच्यात साखर जास्त, क्षार कमी, त्यामुळे यीस्ट खुशीत चालते, मात्र साखर जास्त म्हणून ऊबही जास्त. तिला परवानगी २०१८ च्या जैवइंधन धोरणाने मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने केंद्राने रस आणि बी हेवीपासूनच्या इथेनॉलवर बंधने आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. बी हेवी काढली की साखरेचा उतारा कमी दिसतो, त्याने आपली एफआरपी कमी होईल अशी धास्ती आहे. तसे नाही. इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेची भर घालूनच एफआरपीचा उतारा धरतात.

तोडलेल्या उसातले आंबवण

इथपर्यंतचा भाग आसवनीच्या केमिस्टचा. आता आमच्या खात्याचा, आणि तुमचाही. आंबवण फक्त टाकीत होत नाही, तोडलेला ऊस बांधावर पडला की तिथेही सुरू होते. रानटी यीस्ट आणि जिवाणू उसाच्या पाचटावर, मातीत, कोयत्याच्या पात्यावर असतातच. कोयता बसला की त्यांना दार उघडे झाले. उसातला स्वतःचा पाचक रसही साखर मोडू लागतो. चाळीस अंशांच्या उन्हात हे काम झपाट्याने होते. गाडीअड्ड्यावर दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीजवळ जो आंबूस वास येतो, तो तुमच्या साखरेचा वास आहे.

हुशार सभासद इथे अडवतो. "साहेब, साखर मोडून ग्लुकोज झालं तर यीस्टला तेच पाहिजे ना? मग शिळा ऊस आसवनीला चांगलाच की." अर्धे खरे आहे. साखर मोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाले तेवढे मळीत येते आणि आंबते. पण त्याचा साखरेचा दाणा होत नाही, म्हणजे उतारा गेला. आणि जे जिवाणूंनी खाल्ले त्याचे आम्ल आणि चिकट डिंक झालेले असतात. तो डिंक रस गाळू देत नाही, पाक शिजू देत नाही. ते आम्ल मळीबरोबर आसवनीत येते आणि यीस्टची वाढ दाबते. म्हणजे शिळ्या उसाने दोन्हीकडे घात होतो. जळीत उसात तर साल तडकून हे सारे आणखी लवकर सुरू होते. तोडणी सोपी व्हावी म्हणून फड पेटवू देऊ नका हे आमचे जुनेच सांगणे आहे.

२०२१-२२ चा हंगाम आठवत असेल. मराठवाड्यात ऊस उदंड झाला, गाळप जूनपर्यंत रेंगाळले, बीड-जालन्यात उभ्या उसाला तोड मिळेना. १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसाला उताऱ्यातील घटीपोटी शासनाला टनाला २०० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि आपलाच ऊस कोयत्यावाचून उभा राहतो, हा या जिल्ह्याचा उफराटा योग आहे. तो एका लेखाने सुटणार नाही. पण तोड मिळालेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडेल एवढे आपल्या हातात नक्की आहे. वाहन आल्याशिवाय तोड सुरू करू देऊ नका. तोडलेली मोळी सावलीला ठेवा, निदान वर पाचट टाका. वाढे आणि मुळ्यांची माती साफ करा. मातीबरोबर लाखो जिवाणू फुकट येतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चोपण, क्षारपड जमिनीतल्या आणि खाऱ्या बोअरवर वाढलेल्या उसात क्षार जास्त येतात. साखर दाण्यात जाते, क्षार सगळे मळीत साचतात. क्षार जास्त असले की मळीतून साखर नीट निघत नाही आणि यीस्टलाही त्या खाऱ्या वॉशमध्ये अंगातले पाणी धरून ठेवताना धाप लागते. तेव्हा ज्यांच्या जमिनीवर पांढरी पापुद्री दिसते त्यांनी माती आणि पाणी तपासून घ्यावे. पालाशही तपासणीप्रमाणेच द्यावे, शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकू नयेत. नत्राचा हप्ता उशिरा देऊ नये, त्याने ऊस हिरवागार दिसतो पण साखर भरत नाही.

मळीच्या साठवण टाक्यांबद्दलही विचारणा होते. मळी उन्हात फार तापली तर यीस्ट नसतानाही आतल्या आत तिची साखर जळू लागते, फेस येतो, आणि टाकी उतू जाते. म्हणून उन्हाळ्यात टाक्यांवर पाणी शिंपडताना दिसतात. ते पाण्याची उधळपट्टी म्हणून नाही.

शेवटी, सभासदांच्या सहली आसवनी पाहायला येतात त्यांच्यासाठी. आंबवण टाकीत तयार होणारा वायू हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी बसतो, त्याला रंग नाही. आपल्याकडे पूर्वी ज्वारीच्या पेवात उतरलेली माणसे दगावत, जुन्या विहिरीत उतरताना आधी कंदील सोडून पाहत, तो हाच प्रकार. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा वायूने भरलेली असू शकते. एक जण पडला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि दोघे जातात. त्यामुळे टाकीच्या तोंडाशी वाकून पाहू नये, मुलांना कट्ट्यावर चढू देऊ नये. बिडी-काडी आणि मोबाइल गेटवर जमा करावेत. गटाने यायचे असेल त्यांनी आपल्या विभागाच्या शेतकी मदतनिसाकडे चार दिवस आधी नावे द्यावीत, म्हणजे केमिस्ट साहेबांना थांबवून ठेवता येईल. ज्यांना सूक्ष्मदर्शकातून यीस्ट पाहायचे असेल त्यांनी सकाळच्या पाळीत यावे, नमुने तेव्हाच तपासतात.